‘पोट लहान झाले, आता वेगळा आहार कशाला?’ : वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या खाण्याविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या, सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांच्या आणि मधुमेहींच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक लांबलचक संदेश फिरत आहे. वजन कमी करण्याची, म्हणजे बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांनी कसे खावे हे त्यात सांगितले आहे. त्याचे सार असे: पोट लहान झाल्यावर वेगळ्या आहारतक्त्याची गरज उरत नाही; घरचे नेहमीचे जेवण थोडे थोडे खाल्ले की पुरते; प्रथिनांच्या पावडरीने मूत्रपिंडे निकामी होतात; पहिले सहा महिने पेज आणि फळांचे रस यांवर राहणे सर्वांत सुरक्षित असते; त्यानंतर दिवसातून दोनदाच जेवावे; उलट्या झाल्या तर लंघन करावे; जीवनसत्त्वांच्या गोळ्या वर्षभर घेऊन बंद कराव्यात; आणि एकदा उतरलेले वजन पुन्हा चढत नाही. शेवटी ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती आहे आणि लोक ती मनापासून पाळत आहेत.

मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. अशा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण माझ्याकडे येतात आणि त्यांच्यापैकी अनेकांनी हा संदेश मोबाइलवर उघडून मला दाखवला आहे. तो पटण्यासारखा आहे, कारण त्यातली काही वाक्ये खरी आहेत. घरचे ताजे अन्न हाच आहाराचा पाया असावा आणि महागड्या डब्यांच्या मागे लागू नये, याच्याशी मीही सहमत आहे. मात्र त्या खऱ्या वाक्यांच्या आधाराने जे सल्ले दिले आहेत, त्यांतले काही माणसाला रुग्णालयात पोहोचवू शकतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याला वेगळे उत्तर द्यावे लागते.

त्याआधी शस्त्रक्रियेत नेमके काय होते हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार केले जातात. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे आपल्या साध्या वाटीएवढे मावेल अशी एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. तिसरा प्रकार मिनी बायपास. त्यात लांबट पिशवी करतात, आतड्याला एकच जोड देतात आणि आतड्याचा बराच मोठा भाग, बहुतेक वेळा दीडशे ते दोनशे सेंटिमीटर, अन्नाच्या वाटेतून वगळतात. दोन्ही बायपासमध्ये अन्न आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागाला टाळून पुढे जाते, तिथेच लोह आणि कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषले जाते. म्हणजे या शस्त्रक्रियांनी जेवणाचा आकार तर बदलतोच, शिवाय पोटात आम्ल किती तयार होते, भुकेचे संप्रेरक किती स्रवते आणि खाल्लेल्यापैकी काय अंगी लागते, हेही बदलते.

आता संदेशाचा पहिला आणि मूळ दावा घेऊ: घरचे नेहमीचे जेवण थोडे थोडे खाल्ले की पुरते. या वाक्यात ‘घरचे’ हा शब्द बरोबर आहे आणि ‘नेहमीचे’ हा शब्द घातक आहे. आपल्या नेहमीच्या ताटात पोळी आणि भात मध्यभागी असतात, आणि वरण, उसळ, दही यांना तोंडी लावण्याचे स्थान असते. निरोगी माणूस तीन पोळ्या, वाटीभर भात, वाटीभर वरण आणि दही खातो तेव्हा बेरजेत त्याची गरज कशीबशी भागते. तेच ताट जसेच्या तसे चौथाई केले की प्रथिनेही चौथाई होतात. शरीराची गरज मात्र तशी कमी होत नाही. उलट वजन झपाट्याने उतरत असताना चरबीबरोबर स्नायूही जाऊ लागतात आणि ते टिकवण्यासाठी प्रथिने अधिकच लागतात. शस्त्रक्रियेनंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने आणि आदर्श वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत, असे प्रमाण मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलेले असते.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी एखादी गृहिणी संदेशाबरहुकूम असे खाते: सकाळी अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटे, मग अर्धी वाटी पोहे; दुपारी अर्धी पोळी, चमचाभर भाजी आणि दोन चमचे वरणभात; संध्याकाळी पुन्हा चहा; रात्री मऊ भात, पातळ आमटी आणि अर्धी वाटी ताक. यात सात्त्विक नाही असे काहीच नाही. तरीही दिवसभराची प्रथिने वीस ग्रॅमच्या आसपास, फार तर पंचवीस भरतात. आता तेवढ्याच मापाच्या वाट्यांत दुसरा दिवस मांडू. सकाळी एक उकडलेले अंडे आणि आणखी एकाचा पांढरा भाग, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम. मधल्या वेळी दीडशे मिलिलिटर दूध, पाच ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम पनीर आणि अर्धी वाटी घट्ट दही, सुमारे अकरा-बारा ग्रॅम. संध्याकाळी मूठभर फुटाणे नीट चावून किंवा त्यांचे पीठ ताकात कालवून, सहा ग्रॅम. रात्री ६० ग्रॅम शिजलेले चिकन असेल तर पंधरा ग्रॅम, आणि शाकाहारी घरात २० ग्रॅम सोयावडी भिजवून, मऊ शिजवून घेतली तर दहा ग्रॅम. ही बेरीज चाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. घर तेच, स्वयंपाक करणारे हात तेच आणि वाटीही तीच. फक्त पहिला घास कशाचा घ्यायचा याचा क्रम बदलला. मी रुग्णांना हाच एक नियम सर्वांत आधी सांगते: आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तरच पोळी किंवा भात.

इथे आपल्या घरांमधल्या एका प्रेमळ सवयीविषयीही बोलले पाहिजे. आजारी माणसाला वरणाच्या वरचे निवळ पाणी काढून देण्याची पद्धत अजून जिवंत आहे. त्या पाण्यात मीठ असते, हिंगाचा वास असतो, पण प्रथिने नगण्य असतात. ती खाली बसलेल्या डाळीत असतात. शस्त्रक्रियेनंतर डाळ घोटून, गाळून, पण दाट द्यावी. मुगाचे कढण, बांधलेल्या दह्याचा घट्ट चक्का, मुगाचे मऊ धिरडे, बेसनाचे सैल पिठले, मटकीची उकडून ठेचलेली उसळ, मऊ शिजवलेला मासा हे सगळे आपल्याच स्वयंपाकघरातले पदार्थ आहेत आणि या रुग्णांसाठी ते अत्यंत उपयोगी आहेत. परदेशी तक्त्यांवरून उचललेल्या नावांची त्यासाठी अजिबात गरज नाही.

दुसरा दावा पावडरीचा. ‘प्रथिनांच्या पावडरीने मूत्रपिंडे निकामी होतात’ या वाक्याच्या पुष्ट्यर्थ संदेशात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हवाला दिला आहे. या संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि त्यांत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांची पूरके घेणे टाळावे असा सल्ला आहे, हे खरेच आहे. पण तो सल्ला व्यायामशाळेत जाणाऱ्या, भरपूर जेवू शकणाऱ्या निरोगी माणसांसाठी आहे. ज्याच्या जठरात वाटीभरही अन्न मावत नाही अशा रुग्णाला तो लागू करणे म्हणजे संस्थेने न म्हटलेले तिच्या तोंडी घालणे होय. त्याच संस्थेने निरोगी प्रौढासाठी दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवलेली आहेत. पंच्याहत्तर किलोच्या माणसासाठी ती ६२ ग्रॅम होतात. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे ६० ग्रॅमचे किमान उद्दिष्ट हे सर्वसाधारण माणसाच्या गरजेएवढेच आहे आणि निरोगी मूत्रपिंडांवर त्याने काही आघात होत नाही. वर मांडलेला चांगला दिवससुद्धा पन्नासच्या पुढे जात नाही आणि पहिल्या महिन्यांत तेवढेही जमत नाही. उरलेली तूट एका मापातून वीस-बावीस ग्रॅम देणाऱ्या पावडरीने भरून निघते. पुढे जेवण वाढले आणि रोजची बेरीज ताटातूनच भरू लागली की पावडर कमी करता येते.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आधीपासून आहे त्यांचे प्रमाण मूत्रपिंडतज्ज्ञांनी ठरवले पाहिजे, हे उघड आहे. पण मूत्रपिंडांची काळजी वाटणाऱ्यांनी एका वेगळ्या धोक्याकडे लक्ष द्यावे, ज्याचा संदेशात उल्लेखही नाही. बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे अन्नातले, विशेषतः पालकात भरपूर असणारे ऑक्झलेट नावाचे द्रव्य मोकळे राहून रक्तात जाते, तिथून लघवीत उतरते आणि मुतखडे होण्याचा धोका वाढतो. यावर उपाय म्हणजे दिवसभरात किमान दीड लिटर पाणी घोट घोट पीत राहणे, कॅल्शियमची गोळी जेवणासोबत घेणे आणि पालकाचा रस पिण्याच्या फंदात न पडणे. पावडर निवडताना एका मापात प्रथिने किती आणि साखर किती, एवढे दोन आकडे डब्यावर वाचावेत. लहान मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी आणि वजन वाढवण्यासाठी विकले जाणारे डबे यांत मुख्यतः साखर आणि पिष्टच असते. ते या कामाचे नाहीत.

सहा महिने पेज आणि फळांचे रस यांवर राहण्याचा सल्ला त्याहून वाईट आहे. पातळ आहाराचा टप्पा असतो, पण तो टाके भरून येईपर्यंतच. साधारणपणे पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दूध, ताक, कढण यांसारखे दाट द्रव, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले आणि मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांत नेहमीच्या पोताचे अन्न, असा क्रम असतो. शल्यचिकित्सक त्यात थोडाफार बदल करतात. पेजेत बहुतांशी पिष्ट आणि पाणी असते. रसात साखर असते आणि तीही अशी की बायपास झालेल्या माणसाच्या आतड्यात ती एकदम उतरते. मग जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. काहींना दीड-दोन तासांनी रक्तातली साखर एकाएकी खाली जाऊन चक्कर येते. असे झाल्यावर घरचे लोक ‘अशक्तपणा आला’ म्हणून पुन्हा मोसंबीचा रस देतात आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते.

दिवसातून दोनदाच जेवण्याचा मुद्दा महाराष्ट्रात नाजूक आहे, याची मला जाणीव आहे. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, दिवसातून दोनदा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवली. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांनी ठरावीक अंतराने थोडे थोडे खाण्याचा पुरस्कार केला. आणि काही वर्षांपूर्वी या दोन्हींवरून आपल्याकडे घराघरांत वाद झाले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हा इथे प्रश्नच नाही. दोन्ही पद्धती ज्यांचे जठर शाबूत आहे अशा माणसांपुढे मांडल्या गेल्या होत्या. साठ ग्रॅम प्रथिने दोन जेवणांत बसवायची तर प्रत्येक वेळी तीस ग्रॅम लागतील, म्हणजे नुसते पनीर म्हटले तरी १६० ग्रॅमच्या वर. एवढे स्लीव्ह झालेल्या पोटात पहिल्या वर्षी एका बैठकीत मावत नाही. बळेच घातले तर उलटी होते. शिवाय मधुमेहाच्या रुग्णाच्या इन्सुलिनची किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्यांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर बदललेली असते आणि बारा-चौदा तास उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

याचा अर्थ येता-जाता तोंडात काहीतरी टाकत राहावे असाही नाही. त्याने दुसरे नुकसान होते आणि ते पुढे सांगते. बहुतेकांना तीन लहान जेवणे आणि मध्ये दोन ठरलेली छोटी खाणी मानवतात. प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटे सावकाश चावून खावे, जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबून मगच प्यावे. गरोदरपणातल्या डोहाळजेवणापासून गणपतीच्या पंगतीपर्यंत सर्वत्र ‘अजून एक घास’ म्हणून आग्रह होतो. या रुग्णांच्या बाबतीत यजमानांनी तो मोडीत काढावा, कारण पोट भरल्यावरचा एक घाससुद्धा त्यांना वेदना देतो.

आता ज्या वाक्यामुळे मला हा प्रतिवाद लिहिणे भाग पडले त्याकडे येते. संदेशात म्हटले आहे की शस्त्रक्रियेनंतर उलट्या होणे स्वाभाविक आहे, तेव्हा ‘लंघनं परमौषधम्’ या न्यायाने दोन-चार दिवस काही खाऊ नये. घाईने खाल्ल्यामुळे किंवा घास नीट न चावल्यामुळे एखादी उलटी होऊ शकते, हे मान्य. पण उलट्या थांबतच नसतील तर त्यात दोन धोके असतात. एक म्हणजे जोडाच्या ठिकाणी वाट अरुंद झालेली असू शकते. दुसरा अधिक भयंकर आहे. शरीरात बी-१ या जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. आधीच कमी खाणाऱ्या माणसाला सतत उलट्या झाल्या आणि वर लंघन घडले, तर हा साठा संपतो आणि मेंदूला इजा होऊ लागते: नजर दुहेरी होते, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ येतो. अशा अवस्थेत जवळच्या दवाखान्यात ‘अशक्तपणासाठी’ नुसती ग्लुकोजची बाटली लावली गेली तर ग्लुकोज वापरताना उरलेसुरले बी-१ खर्ची पडते आणि इजा वाढते. म्हणून आधी बी-१ चे इंजेक्शन देणे आवश्यक असते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दिवसभर पाणीही टिकत नसेल किंवा दोन-तीन दिवस उलट्या चालू असतील, तर शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे फोन करावा आणि जिथे कुठे नेले जाईल तिथल्या डॉक्टरांना ‘यांची वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, बी-१ आधी द्या’ हे घरच्यांनी स्वतःहून, स्पष्ट शब्दांत सांगावे. संकोचापोटी शस्त्रक्रिया नातेवाइकांपासून लपवणारे बरेच जण असतात. निदान घरातल्या एका माणसाला तरी ती माहीत असलीच पाहिजे.

गोळ्या वर्षभराने बंद करण्याचा सल्ला हळूहळू नुकसान करतो, म्हणून तो फसवा आहे. बी-१२ चा साठा यकृतात कित्येक महिने, काहींमध्ये वर्षेही पुरतो. त्यामुळे गोळी बंद केल्यावर लगेच काहीच बिघडत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या तर त्यांचा संबंध कोणी त्या गोळीशी जोडत नाही. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल आणि जठराच्या अस्तरात तयार होणारे एक प्रथिन लागते. स्लीव्हमध्ये हे अस्तरच मोठ्या प्रमाणात काढले जाते आणि बायपासमध्ये अन्नाची त्याच्याशी गाठच पडत नाही. म्हणून ‘माझे आतडे कापलेले नाही, मला गोळ्या लागत नाहीत’ असे स्लीव्ह झालेल्यांनी समजू नये.

पुणेकरांनी तर ही गोष्ट अधिकच मनावर घ्यायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले होते. त्या स्त्रियांची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. मुख्यतः शाकाहारी आणि दूधदुभते कमी असलेल्या आहाराचा तो परिणाम होता. आपल्या शहरात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी रोजची गोळी घेणारे पुष्कळ आहेत, आणि या दोन्ही औषधांनीही बी-१२ कमी होते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातानाच अनेकांची शिल्लक तळाला गेलेली असते.

अमेरिकेतील बॅरिअॅट्रिक शल्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुधारित केलेल्या सूचनांमध्ये बी-१२ रोज ३५० ते ५०० मायक्रोग्रॅम, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व रक्तातली पातळी भरेपर्यंत ३००० युनिट, बी-१ किमान १२ मिलिग्रॅम आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, अशी प्रमाणे दिली आहेत आणि ती आयुष्यभरासाठी आहेत. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या बहुजीवनसत्त्व गोळीत एवढे बहुधा नसते. हे आकडे मी स्वतःच्या मनाने गोळ्या विकत घेण्यासाठी देत नाही; आपल्याला लिहून दिलेली मात्रा कमी आहे का, हे डॉक्टरांना विचारता यावे म्हणून देते.

घेण्याची पद्धतही मात्रेइतकीच महत्त्वाची असते. कॅल्शियम आणि लोह एकमेकांना अडवतात, म्हणून त्यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषले जात नाही, म्हणून ते विभागून घ्यावे, आणि जठरात आम्ल कमी असल्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीपेक्षा कॅल्शियम सायट्रेटची गोळी बरी. लोहाची गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नये; सकाळचा चहा सोडवत नसेल तर गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर निदान बारा ते अठरा महिने टाळावी असे सांगतात, आणि त्यानंतरही ज्या तरुणी गोळ्या सोडून गरोदर राहतात त्यांच्या बाळाच्या वाट्यालाही ही उणीव येते.

‘एकदा उतरलेले वजन पुन्हा चढत नाही’ हा दावा फार वेळ घेण्याजोगा नाही, कारण तो सरळ खोटा आहे. वजन साधारणपणे बारा ते चोवीस महिन्यांत सर्वांत खाली जाते आणि त्यानंतर अनेकांच्या बाबतीत काही किलो परत येतात. स्लीव्हनंतर भुकेचे संप्रेरक स्रवणारा भाग गेल्यामुळे सुरुवातीला भूक मंदावते, पण ती कालांतराने काही अंशी परतते. याशिवाय काही पदार्थ या लहान पोटातून अडथळ्याविना घसरतात. दाट उसळ किंवा चिकन पोटात रेंगाळते आणि लवकर तृप्ती देते. फरसाण, खारी, बाकरवडी, चिवडा तोंडातच विरघळतात आणि चहाच्या घोटाबरोबर खाली उतरतात. मस्तानी तर द्रवच आहे. त्यामुळे एका बैठकीत थोडे मावत असूनही दिवसभरात भरपूर उष्मांक जाऊ शकतात. सणावारी आवडीचा पदार्थ दोन चमचे चाखायला माझी हरकत नसते. रोज चार वाजता टेबलावर उघडा राहणारा फरसाणाचा डबा मात्र मी पहिल्या भेटीतच हलवायला सांगते.

राहिला प्रश्न ‘वेगळा तक्ता कशाला’ हा. खरे तर एकच तक्ता सगळ्यांना चालतो असे मानणे हीच या संदेशाची मूळ चूक आहे, आणि तीच चूक ओळखीच्या काकूंचा तक्ता मागून घेणारेही करतात. काकूंचे स्लीव्ह झाले असेल आणि आपला मिनी बायपास, तर त्यांना छातीतल्या जळजळीमुळे तिखट मिसळ आणि रात्रीचे उशिराचे जेवण टाळावे लागेल, आणि आपल्याला प्रथिनांची व लोहाची काळजी त्यांच्याहून किती तरी जास्त घ्यावी लागेल. आहार निवडताना मी आधी शस्त्रक्रियेचा प्रकार पाहते, मग ती होऊन किती आठवडे झाले ते, मग रक्ताचे अहवाल आणि चालू औषधे, आणि त्यानंतर त्या माणसाचे स्वयंपाकघर. या शेवटच्या गोष्टीला तक्ते देणारे फार कमी महत्त्व देतात असे माझे स्पष्ट मत आहे. हिंजवडीत रात्रपाळी करून मेसच्या डब्यावर राहणाऱ्या मुलाला घोटलेल्या कढणाचा तक्ता देऊन उपयोग नाही. त्याला उकडलेली अंडी, दह्याचा डबा, फुटाणे आणि पावडर यांवर बेतलेला दिवस हवा. सूर्यास्तानंतर न खाणाऱ्या जैन कुटुंबातल्या बाईंना सगळी प्रथिने दहा-अकरा तासांत बसवावी लागतात, म्हणून त्यांचे पहिले खाणे सूर्योदयानंतर लगेच यावे लागते. श्रावणातले सोमवार आणि एकादश्या सोडवत नसतील, तर ज्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच त्या साबुदाण्याच्या जागी दही, पनीर, दूध, राजगिरा आणि दाण्याची पातळ आमटी घेऊन उपवास पाळता येतो. निर्जळी मात्र या रुग्णांनी करूच नये.

ज्यांनी हा संदेश काही महिने किंवा वर्षे पाळला आहे, त्यांनी घाबरून एकदम सगळ्या गोळ्या सुरू करू नयेत आणि अपराधी वाटून तपासणीही टाळू नये. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि अल्ब्युमिन या चाचण्या करून घ्याव्यात. पहिल्या वर्षी त्या तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करायच्या असतात. तिसऱ्या महिन्यापासून काही महिने केस गळतात, ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे होते आणि बहुतेकांचे केस परत येतात. पण गळती वर्षभरानंतरही थांबत नसेल, पायांना सूज येत असेल, तळपायांना मुंग्या येत असतील किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर वार्षिक तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. जाताना रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद सोबत न्यावा, कारण शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची झाली आणि आतड्याचा किती सेंटिमीटर भाग वगळला, हे बहुधा त्यावर लिहिलेले असते आणि पुढचा आहार त्यावरच ठरतो.